मामांचा सर्व्हर: असेंबल की तयार?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात घुसलं, तेव्हा मामांच्या दुकानातही गुडघाभर आलं. त्यांची औषधांची घाऊक विक्री आहे. बराचसा माल वरच्या फळ्यांवर होता, तो वाचला. टेबलाखाली ठेवलेला सर्व्हर मात्र बुडाला. तो मीच असेंबल केला होता आणि जमिनीवरही मीच ठेवला होता.

ही गोष्ट २०१९ च्या दिवाळीतली. त्याच वर्षी जुलैअखेरीस शहरात पूर येऊन गेला होता, तरी मला काही सुचलं नाही. मी पुण्याहून सुट्टीला आलो होतो, मामांना सात कॉम्प्युटरसाठी एक सर्व्हर हवा होता, आणि इंजिनिअर भाचा घरात असताना कंपनीचं कोटेशन कोण मागवणार? दोन दिवसांत सुटे भाग आणून मशीन उभं केलं. लिनक्स टाकलं, सांबा बसवलं, दोन हार्ड डिस्कची मिररिंग केली. तयार सर्व्हरच्या निम्म्याहून कमी खर्च आला. मामींनी आग्रह करकरून पुरणपोळी वाढली. खरं सांगायचं तर मला ते मशीन बनवायचंच होतं. दुकानाला काय हवं, हा विचार नंतरचा.

तीन वर्षं सुरळीत गेली. मग एका २० तारखेला, म्हणजे जीएसटीचं ३बी भरायच्या शेवटच्या दिवशी, पॉवर सप्लाय गेला. असेंबल मशीनचा मोठा फायदा असा की तो भाग कुठल्याही दुकानात मिळतो. तासाभरात नवा बसलाही. पण मशीन सुरू होऊन काळा स्क्रीन आणि पांढरी अक्षरं दिसल्यावर तिथल्या तंत्रज्ञाने हात वर केले. मी ऑफिसात रिलीजच्या गडबडीत. व्हिडिओ कॉलवर एकेक कमांड सांगत रात्रीचे साडेदहा वाजले. मामा एवढंच म्हणाले, "अरे, तू नसलास तर आम्ही काय करायचं?" मी ते हसण्यावारी नेलं.

पुरानंतर ते हसण्यावारी नेता आलं नाही. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती, तीही भिजली. मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे, हे ऑफिसात मी नवख्या पोरांना शिकवतो! एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालवते, इतकाच मिररिंगचा उपयोग. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून पुसली जाते, आणि पाणी आलं तर दोन्ही एकदमच बुडतात. आम्हाला वाचवलं ते २० तारखेला सीएंकडे पाठवलेल्या डेटाने. त्यानंतरची सहा दिवसांची बिलं वहीवरून, बॅच नंबर आणि एक्स्पायरी बघून, पुन्हा भरावी लागली. मामेबहीण रात्र रात्र बसली होती.

या वेळी मी दोन्ही बाजूंचा हिशोब मांडला. सुटे भाग ५५ हजारांच्या आसपास, तयार टॉवर सर्व्हर लाखाच्या वर. जादा पैशांत चूक पकडून सुधारणारी ईसीसी मेमरी मिळते, मशीन बंद असतानाही दुरून बघता येणारी सोय मिळते, आणि तीन वर्षं पुढच्या कामाच्या दिवशी माणूस दुकानात येण्याची हमी. मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही हमी, कारण तो माणूस मी नसतो. तोटेही आहेत. वॉरंटी संपल्यावर त्या कंपनीचेच सुटे भाग लागतात आणि ते महाग पडतात. विंडोज सर्व्हर घेतलं तर मूळ परवान्याशिवाय प्रत्येक वापरणाऱ्यामागे किंवा प्रत्येक कॉम्प्युटरमागे वेगळा परवाना लागतो. कोटेशनमध्ये ही ओळ आहे का, ते आधी बघा. तीनच कॉम्प्युटर असतील तर सर्व्हरच्या भानगडीत पडूच नका. साध्या विंडोज प्रोवर फोल्डर शेअर करता येतं, वीस उपकरणांपर्यंत त्याला मुभा आहे. आणि दुकानात रोज हजर असणारं, लिनक्स जाणणारं कुणी असेल, तर असेंबल मशीन आजही उत्तम.

आमच्याकडे असं कुणी नव्हतं. तयार सर्व्हर घेतला, जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळालं. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, म्हणून बॅकअपसाठी दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या. सर्व्हर आता पोटमाळ्यावर, यूपीएससकट. मी सगळे पासवर्ड आणि मांडणी मराठीत दोन पानांवर लिहून मामेबहिणीला दिली. तिने ती वाचून अकरा प्रश्न विचारले, त्यातल्या चारांची उत्तरं मला शोधावी लागली.

दर शनिवारी एक डिस्क दुकानात येते, दुसरी घरी जाते. ती मामींच्या लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या वरच्या खणात असते. एखाद्या शनिवारी मामा विसरले, तर रात्री जेवणाआधी मामी विचारतात, "डबी आणली का?"