कंबरदुखी व तिची अचूक नोंद

पेढीवर दिवसभर बैठक आणि वेळप्रसंगी पोत्यास हात, यामुळे मणक्याचे दुखणे आपल्या व्यापारी वर्गास अपरिचित नाही. उपचार डॉक्टरांनी करावयाचे. परंतु त्यांची लेखी नोंद कशी होते हे प्रत्येक कुटुंबाने जाणणे अगत्याचे आहे, कारण विम्याचा दावा पुष्कळदा तिच्यावरच अवलंबून असतो.

दोन मणक्यांमध्ये मऊ चकती असते. ती सरकून मज्जातंतूच्या मुळावर दाब पडला, म्हणजे कळ कमरेतून पायात उतरते. रुग्णालयाने भरावयाच्या दावा-अर्जात जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाचा, त्याच्या दहाव्या आवृत्तीतील, संकेतांक लिहावयाचा असतो. नुसत्या कंबरदुखीस एम ५४.५, कळ पायात उतरत असल्यास एम ५४.४; आणि कमरेतील चकतीमुळेच मज्जामूळ बाधित झाल्यास एम ५१.१, व त्यास जोडून दाबाचा जी ५५.१. सौदापट्टीवर नुसते 'गहू' लिहून भागत नाही, जात व प्रतही लिहावी लागते. तसेच हे आहे.

संकेतांक घालणाऱ्या लेखनिकास स्वतः निदान ठरविता येत नाही. तो डॉक्टरांच्या शब्दांवर चालतो. आमच्या पेढीवरील दिवाणजींच्या कागदांत एमआरआयमध्ये दाब स्पष्ट होता, परंतु निदानाच्या जागी केवळ 'कंबरदुखी' होते, दावा अडला. डॉक्टरांनी सविस्तर दाखला दिल्यावर तो सुटला. म्हणून डिस्चार्ज कार्डावर कोणत्या मणक्यांमधील चकती, कोणता पाय, दुखणे केव्हापासून, बधिरपणा वा अशक्तपणा आहे काय, पाय सरळ उचलून केलेल्या तपासणीत काय आढळले व पूर्वी कोणते उपचार झाले, एवढे यावयास हवे.

आणखी एक गोष्ट. कित्येक पॉलिसींत चकती सरकण्याच्या विकारास २ वर्षांची प्रतीक्षा असते. अपघाताने झालेल्या विकारास ती बहुधा लागू नसते. सबब पडल्याचा वा अपघाताचा प्रसंग घडला असल्यास तो तारखेसह पहिल्याच भेटीत डॉक्टरांस सांगावा. मागाहून सांगितलेल्या गोष्टीविषयी संशय घेतला जातो. मात्र न घडलेला अपघात लिहवून घेणे म्हणजे खोटी वही लिहिणेच होय. त्या वाटेस कोणी जाऊ नये.

रुग्णालयाच्या बिलाची बेरीज आपण दोनदा तपासतो. घरी निघण्यापूर्वी निदानाची ओळही एकवार वाचावी व शंका असल्यास तेथेच विचारावी, एवढीच सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे.