लाकडाची जमीन घालण्याआधी

गेल्या वर्षी फेब्रुवारीत अम्मी वुजू करून बाहेर येताना घसरून पडल्या. हाड मोडले नाही, मनगट सुजले. पण मनात जी भीती बसली ती सूज उतरल्यावरही गेली नाही. भिंत धरल्याशिवाय त्या खोलीत चालेनात. खोलीत चकचकीत व्हिट्रिफाइड लाद्या. धाकट्या भावाने दुबईहून फोन केला, "अम्मींच्या खोलीत लाकडाची जमीन घाला, पैसे मी पाठवतो. इथे माझ्या खोलीत आहे, पायाला बरी लागते."

आम्ही मे महिन्यात शहरातल्या एका दुकानात गेलो, नमुना पाहिला, रंग पसंत केला. सकाळी खोके आले आणि संध्याकाळपर्यंत दोन मुलांनी जमीन घालून दिली. खोली सुरेख दिसत होती. जुलैत मधोमध जमीन उचलली गेली, पाय ठेवला की खाली दबायची. दरवाजा अडू लागला. न्हाणीघराजवळच्या कडा तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या फुगल्या. सगळे उखडावे लागले. ओव्हरटाइम करून पैसे पाठवणाऱ्या भावाला हे सांगताना आमची जीभ रेटत नव्हती. दुकानदार म्हणाला, "पावसाळ्यात असे होतेच."

असे होत नाही, हे आम्हाला जुन्या घराच्या खिडक्या-दारे केलेल्या म्हाताऱ्या सुताराकडून कळले. त्याने एक तुकडा उचलून त्याची कड दाखवली. "सर, हे लाकूड कुठे आहे? दाबलेला भुसा आहे आणि वर लाकडाचे चित्र." आम्ही घेतलेली जमीन लॅमिनेटची होती. बाजारात तिलाही सर्रास 'वुडन फ्लोअरिंग'च म्हणतात. लॅमिनेट वाईट असते असे नाही, स्वस्त असते आणि त्यावर ओरखडे कमी पडतात. पण त्याच्या पोटात पाणी शिरले की ते फुगते आणि पुन्हा सरळ होत नाही. घासून नवे करता येत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे अखंड लाकडाच्या साधारण १८ ते २० मिलिमीटर जाडीच्या फळ्या. तिसरा इंजिनिअर्ड लाकडाचा: खाली प्लायसारखे आडवे-उभे थर, वर खऱ्या सागाचा किंवा ओकचा थर. एक थर दुसऱ्याला धरून ठेवतो, त्यामुळे ही फळी अखंड फळीपेक्षा कमी हलते. मात्र वरचा थर किती जाड आहे ते विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. तो ३-४ मिलिमीटर असेल तर काही वर्षांनी एक-दोनदा घासून पॉलिश करता येते. अर्धा मिलिमीटर असेल तर ते फक्त पांघरूण. फळीची कड पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, एवढे आम्ही आता ज्याला त्याला सांगतो.

खरी गोष्ट हवेची आहे. लाकूड कापल्यावरही हवेतली ओल घेते आणि सोडते. ओल घेतली की फळी रुंदीत वाढते, लांबीत जवळजवळ नाही. भावाच्या खोलीत बाराही महिने एसी, हवा जवळपास एकसारखी. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि मे व जुलैच्या हवेत जमीन-अस्मानाचा फरक. आमच्या त्या दोन मुलांनी फळ्या भिंतीला अगदी खेटून बसवल्या होत्या. वाढायला जागा नाही म्हटल्यावर त्या वरच उठणार.

मग आजोबांच्या घरातल्या माळ्याच्या सागवानी फळ्या इतकी वर्षे कशा टिकल्या, असे आम्ही सुताराला विचारले. तो हसला. "त्यांना खालून वारा, वरून वारा. आणि माळ्यावर पाणी कोण ओतत होते?"

ऑगस्टमध्ये, ऐन पावसात, त्याने सांगितल्याप्रमाणे आम्ही खोलीत चार ठिकाणी दोन-दोन फुटांचे प्लास्टिकचे कागद पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. एक दिवस थांबून पाहिले. तीन कागदांखाली जमीन कोरडी होती, न्हाणीघराच्या भिंतीजवळच्या कागदाखाली पाण्याचे थेंब. म्हणजे पाणी तिथूनच झिरपत होते. आधी न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग झाले. नवीन घर असेल तर काँक्रीट पुरते वाळायलाही काही महिने द्यावे लागतात. घरभरणीच्या घाईत हे कोणी ऐकत नाही.

त्यानंतर आम्ही ठरवले, जिथे पाणी तिथे लादीच. नमाजी घरात दिवसातून पाच वेळा ओले पाय न्हाणीघरातून बाहेर येतात, लाकडाला हे झेपत नाही. म्हणून न्हाणीघराच्या दारासमोर चार फूट खरखरीत मॅट लादी घातली, भिंतीला स्टीलची कडी लावली, पाय पुसायला जाड पायपुसणे ठेवले. ते सरकू नये म्हणून खाली रबर. तिथून पुढे इंजिनिअर्ड साग. दोन्हींची पातळी एक राहील अशी बेताने काळजी घेतली, कारण वयस्क माणसाला अर्ध्या बोटाची ठेचही पुरते.

काम नोव्हेंबरात झाले. खोके तीन दिवस आधी आणून त्याच खोलीत आडवे ठेवले, म्हणजे लाकडाला त्या हवेची सवय व्हावी. जुन्या लाद्यांवर प्लास्टिकचा कागद, जोडावर एकावर एक चढवून चिकटपट्टी, त्यावर पातळ फोम. मग फळ्या, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत. लगतच्या ओळींतले जोड एका रेषेत येऊ दिले नाहीत, फूटभर तरी मागे-पुढे. चारही भिंतींशी १० मिलिमीटर फट सोडली, दरवाजाच्या चौकटीशीसुद्धा. फट झाकणारी स्कर्टिंग भिंतीला ठोकायची, जमिनीला नाही. माल मोजमापापेक्षा दहा टक्के जास्त घेतला होता, उरलेल्या फळ्या पलंगाखाली जपून ठेवल्या आहेत.

पॉलिश मॅट घेतले. चमकदार पॉलिश केलेले लाकूड ओले झाले तर लादीइतकेच घसरते. खरे सांगायचे तर अम्मींना आधार लाकडाने कमी दिला आणि भिंतीवरच्या कडीने जास्त. ज्यांचा हात आखडता आहे त्यांनी मॅट लादी आणि कडी एवढ्यावर थांबले तरी काही बिघडत नाही. मात्र त्या आता जमिनीवर चटई टाकून नातवंडांबरोबर बसतात, थंडीत पाय गार पडत नाहीत म्हणतात.

देखभाल फार नाही. बादलीभर पाण्याने पुसणे आणि फिनाईल बंद. घट्ट पिळलेले फडके पुरते. सांडलेला चहा-सरबत तिथल्या तिथे टिपायचे. पलंगाच्या आणि खुर्च्यांच्या पायांखाली नमद्याच्या चकत्या चिकटवल्या आहेत.

दरवाजामागची एक हातभर स्कर्टिंग सुताराने मुद्दाम स्क्रूने बसवली होती. यंदा जुलैच्या शेवटी येऊन त्याने ती सोडवली आणि आम्हाला वाकून बघायला लावले. सोडलेली फट निम्मी भरली होती, निम्मी अजून शिल्लक होती.