कांदा पुण्यात, पाणी ढाक्यात
लेखमाला : वर्गाला जोडून वर्ग – लेखांक ५

मागच्या लेखात आपण माढा तालुक्यातल्या परितेवाडीला जाऊन आलो. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झालं आणि पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडची चर्चा घरोघरी झाली. त्या मानाने त्यांचा दुसरा उपक्रम झाकोळला गेला. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन, इराण-इराक अशा, एकमेकांशी उभा दावा असलेल्या देशांतल्या मुलांच्या त्यांनी जोड्या लावल्या. सहा आठवडे ही मुलं एकमेकांसाठी प्रश्नावल्या तयार करत, पाहुण्यांची भाषणं एकत्र ऐकत. पुरस्काराच्या वेळी अशा मुलांचा आकडा आठ देशांत मिळून १९ हजार सांगितला गेला.

हे वाचून कुठल्याही शिक्षकाच्या मनात पहिला प्रश्न येतो : जोडणी झाली, पुढे मुलांनी बोलायचं काय?

प्रश्न रास्त आहे. पहिला व्हिडिओ कॉल हमखास रंगतो. नावं सांगून होतात, आवडता पदार्थ सांगून होतो, एखादं लेझीम होतं, तिकडून एखादं गाणं येतं, सगळे हात हलवतात. दुसऱ्या कॉलला मात्र मुलं एकमेकांकडे बघत बसतात, कारण विचारण्यासारखं काही उरलेलं नसतं. हवामानबदल किंवा विषमता असा भारदस्त विषय दिला, तर दोन्हीकडची मुलं इंटरनेटवरचा तोच मजकूर एकमेकांना वाचून दाखवतात.

या अडचणीवर जुन्याजाणत्या मंडळींनी तोडगा काढलेला आहे. १९८८ साली न्यूयॉर्क आणि मॉस्कोतल्या शाळा संगणकाने जोडण्याचा प्रयोग सुरू झाला आणि त्यातून ‘आयअर्न’ हे शाळांचं जाळं उभं राहिलं. त्यांच्या ‘लर्निंग सर्कल’ची रीत साधी आहे. सहा-आठ वर्ग काही महिन्यांसाठी एकत्र येतात. प्रत्येक वर्ग एक प्रश्न मांडतो आणि बाकीचे वर्ग आपापल्या गावातून त्याची माहिती गोळा करून पाठवतात. माहिती आपल्या गावातूनच आणायची असल्यामुळे ती दुसऱ्या कुणाकडे तयार नसते. बोलणं तिथूनच सुरू होतं.

मग पुण्याच्या मुलांनी काय आणायचं? बिबवेवाडी, गुलटेकडी, सहकारनगर भागातल्या शाळांनी फार लांब जायला नको. श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड हाकेच्या अंतरावर आहे. फळबाजार, फूलबाजार, कांदा-बटाटा, पालेभाज्या, गूळ-भुसार असा सगळा पसारा तिथे आहे, आणि जगातली बरीच भांडणं तिथल्या गाळ्यांपर्यंत पोचलेली असतात.

कांद्याचंच घ्या. सोमवारच्या वर्तमानपत्रात मार्केट यार्डातली रविवारची आवक आणि भाव छापून येतात. मुलांना ते कात्रण द्यावं. पहिल्याच ओळीला ती अडखळतात, कारण पुण्यात कांद्याचा भाव दहा किलोचा सांगतात, लासलगावला क्विंटलचा आणि घराजवळच्या भाजीवाल्याकडे किलोचा. पालेभाजी शेकडा जुड्यांवर जाते. समोरचा वर्ग ढाक्याचा असेल तर तिथला भाव टाक्यात येणार. सगळं एका मापात आणून एकाच आलेखावर दोन रेघा काढायच्या, हा झाला पहिल्या आठवड्याचा गृहपाठ. त्रैराशिकाचा एवढा सच्चा उपयोग पुस्तकात सापडायचा नाही.

खरी गंमत त्या दोन रेघा एकमेकींपासून फाकतात तेव्हा येते. २९ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. आपल्याकडे भाव भडकले होते, ते खाली यावेत हा हेतू. बांगलादेशची भिस्त आपल्या कांद्यावर. तिथे नोव्हेंबरपर्यंत कांदा किलोला २०० टाक्यांच्या वर गेला आणि सरकारला तो विमानाने मागवावा लागला. तिथल्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आल्या होत्या, तेव्हा आपण आचाऱ्याला जेवणात कांदा घालू नकोस असं सांगितल्याचं त्यांनी भर सभेत हसत हसत ऐकवलं. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली.

आता दोन्ही वर्गांनी एकेका माणसाला गाठायचं. पुण्याच्या मुलांनी माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला विचारायचं, बंदीच्या वर्षी पट्टीत (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीत) हातात किती पडले? आडत्याला विचारायचं, गिऱ्हाईक कुठलं तुटलं? आईला विचारायचं, तेव्हा भाजीत कांदा घालताना हात आखडला होता का? ढाक्याच्या मुलांनी तिथल्या दुकानदाराला आणि आपल्या आईला विचारायचं. दिल्लीतल्या एका कागदाने कुणाच्या ताटात काय पडलं, याचा हिशेब असा दोन्हीकडून जुळत जातो. दोन्हीकडच्या आया स्वस्त कांदाच मागत होत्या आणि शेतकरी रास्त भाव मागत होता, हे मुलांच्या लक्षात येतं. मग अमुक देश वाईट असं म्हणून मोकळं होता येत नाही.

अवघड विषयही इथेच भेटतात. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला, म्हणून मार्केट यार्डातल्या फळव्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार टाकला. जोडीदार वर्ग तुर्कस्तानचा असेल, तर हा विषय टाळावा का? टाळू नये, पण मतांपासून सुरुवातही करू नये. आधी वस्तुस्थिती विचारावी : निर्णय कुणी घेतला, ती जागा कुठल्या सफरचंदांनी भरली, तिकडच्या बागाईतदाराला झळ लागली का, इकडच्या गिऱ्हाइकाला लागली का? मतं त्यानंतर मांडू द्यावीत, आणि ती वेगळी निघाली तर निघू द्यावीत.

तिसरा विषय पाठीवरच्या ओझ्याचा. पुण्याच्या हमाल पंचायतीने, बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली, गोणीचं वजन कमी व्हावं म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये ओझ्याबाबत करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ चा. ‘तुमच्या बाजारात एक माणूस किती किलो उचलतो?’ हा एक प्रश्न कोलंबो, नैरोबी, इस्तंबूल कुठेही पाठवा. उत्तरासाठी तिथल्या मुलांना बाजारात जाऊन काट्याशी उभं राहावंच लागेल.

आता व्यवहाराचं. पुण्यात सकाळचे ११ वाजतात तेव्हा कोलंबोत ११, ढाक्यात साडेअकरा आणि इस्तंबूलमध्ये साडेआठ, म्हणजे शाळेच्या वेळेत प्रत्यक्ष बोलता येतं. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते; तिथे पत्रं आणि ध्वनिमुद्रणंच बरी. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी, आपल्याकडे रविवार, म्हणून सोमवार ते गुरुवार धरावेत. बाजारात मुलांना न्यायचं तर पहाटेच्या लिलावाची गर्दी टाळावी, आणि आडत्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं. मुलांची पूर्ण नावं, पत्ते, फोन नंबर पलीकडे जाऊ देऊ नयेत; सगळा पत्रव्यवहार शिक्षकांमार्फत व्हावा. इंग्रजीचा बाऊ नको. आकडे, आलेख आणि पट्टीचं चित्र यांना भाषा थोडीच लागते.

सुरुवात करायला परदेशातला वर्ग मिळायलाच हवा असंही नाही. भाषा आणि प्रांत ओलांडून माणसं जोडण्याचं साने गुरुजींचं आंतरभारतीचं स्वप्न होतं. लासलगावची किंवा कोलकात्याची एखादी शाळा घेऊन हाच कांदा आधी सोलून पाहावा. तिथे प्रश्न विचारायची सवय लागलेला वर्ग ढाक्यापुढे गप्प बसणार नाही.

(पुढील लेखात : जोडीदार शाळा शोधायची कशी आणि पहिलं पत्र कसं लिहायचं)