नव्या प्रणालीचा झिरो माइल

झिरो माइलचा वालुकाश्माचा स्तंभ आणि त्याजवळचे चार घोडे नागपूरकराला नवे नाहीत. ब्रिटिश अमदानीत रोवलेल्या त्या एका बिंदूपासून दूरदूरच्या शहरांची अंतरे मोजली जात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लिनक्स या कार्यप्रणालीशी नवख्या माणसाची ओळख करून द्यावयाची झाल्यास त्याला प्रथम या स्तंभाचीच आठवण द्यावी, असे मला वाटते. कारण विंडोजमध्ये ‘सी’, ‘डी’ अशा निरनिराळ्या पेठा असून प्रत्येकीचा आरंभ स्वतंत्र असतो. लिनक्समध्ये मात्र एका तिरप्या रेघेने दर्शविलेले ‘रूट’, म्हणजेच मूळ, हा एकच आरंभबिंदू असून, आपली कागदपत्रे असोत, पेन ड्राइव्ह असो वा दुसरी हार्ड डिस्क असो, प्रत्येकाचा पत्ता तेथूनच मोजला जातो. ही एक गोष्ट मनात ठसली की निम्मे परकेपण तेथेच सरते.

या घराण्याचा मूळ पुरुष युनिक्स. तो १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये, कोणासही वाचता, सुधारता व वाटता येईल अशी प्रणाली उभारण्याचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, आणि १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने तिला हवा असलेला गाभा, ‘कर्नल’, लिहिला. हा कर्नल म्हणजे संस्थानाचा दिवाणच होय: कोणत्या कामास प्रोसेसरचा किती वेळ द्यावयाचा, स्मृतीचा कोणता भाग कोणाच्या ताब्यात असावयाचा, याचा निवाडा तोच करतो. प्रत्येक फायलीवर मालक, त्याचा गट आणि इतर असे तीन वर्ग, व त्यांना वाचण्याचे, लिहिण्याचे आणि चालविण्याचे तीन अधिकार नोंदलेले असतात. म्हणून व्यवस्थेच्या मुळाला हात लावावयाचा झाल्यास संगणक पासवर्ड मागतो. नवख्याला ही अडवणूक वाटते. ती वस्तुतः त्याच्याच दप्तराची राखण असते.

हा परिचय आज अगत्याचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य संपले, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अद्याप धडधाकट असलेले अनेक संगणक निकामी ठरू लागले. लिनक्स मिंट, उबुंटू किंवा सी-डॅकची, डेबियनच्या पायावर उभी असलेली ‘बॉस’ यांपैकी एखादी प्रणाली अशा यंत्राला पुन्हा कामाला लावू शकते. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलकही लिनक्समध्ये मिळतो. ज्याचा हात त्यावर बसला आहे, त्याला नव्याने काही शिकावे लागत नाही.

तथापि सावधगिरीही तितकीच हवी. प्रथम सर्व कागदपत्रांची दुसरी प्रत काढावी; मग पेन ड्राइव्हवरून प्रणाली ‘लाइव्ह’ चालवून, मूळ डिस्कला धक्का न लावता, वाय-फाय, प्रिंटर आणि आवाज तपासावा. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली मराठी, तो फाँट नसेल तेथे, रोमन अक्षरांचा गुंता होऊन दिसते. ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी. आणि हिशेबाची वा सहीची एखादी आज्ञावली केवळ विंडोजवरच चालत असेल, तर हट्ट न धरता दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर नांदू द्याव्यात.

शिकविणाऱ्याने एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. आपल्याला दहा आज्ञा पाठ आहेत म्हणून काळ्या पडद्यावर त्या भराभर टंकून दाखवू नयेत. तेणेकरून शिष्य दिपतो, पण शिकत नाही. माउस त्याच्या हाती द्यावा, स्वतः शेजारी बसावे, त्याचे स्वतःचे एक पत्र त्याच्याकडून उघडवावे, बदलवावे, जतन करवावे, आणि ते ‘होम’ या त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये कोठे जाऊन बसले हे त्यालाच शोधू द्यावे. घरातील एखादा जुना संगणक भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी, वाचकहो, एक रविवार यासाठी अवश्य द्या.