आडवा शब्द, चौथे घर

शब्दकोडे मी शाईच्या पेनाने सोडवतो. यात मिरवण्यासारखे काही नाही. ती एक खोड आहे आणि तिच्यामुळेच हा लेख लिहायची वेळ आली. वडील पेन्सिलीने सोडवायचे. पोर्तुगीज अमदानीत घरगुती शाळेत मोडी आणि बाळबोध शिकलेला तो माणूस कोड्यातले एकही घर खात्री झाल्याशिवाय भरत नसे, आणि भरले तरी रबर हाताशी ठेवी. मी मराठीचा शिक्षक झालो, तेव्हा पेन्सिल सोडली.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या नार्व्यात डिचोलीहून वर्तमानपत्र येते ते जरा उशिराच. त्या दिवशीच्या कोड्यात आडव्या शब्दांत एक शोधसूत्र होते : गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत, अक्षरे सहा. ज्या गावात मी जन्मलो, ज्या देवळाच्या दीपमाळेखाली खेळलो, त्याच देवाचे नाव. मी क्षणाचाही विचार न करता स, प्त, को, टे, श्व, र अशी सहा घरे भरून टाकली. नंतर त्याच कोपऱ्यात अर्धा तास अडकून पडलो. चौथ्या घरातून खाली जाणारा उभा शब्द होता, ‘ग्रंथावर भाष्य लिहिणारा’, अक्षरे चार. पहिले अक्षर माझ्या हिशेबाने टे. टेने सुरू होणारा भाष्यकार कोणता?

पुतणी नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. ती शेजारी बसून म्हणाली, “काका, टीकाकार असेल.” मी म्हटले, “त्यात टी आहे, इथे टे पाहिजे.” ती म्हणाली, “मग आडवा शब्द चुकला असेल तुमचा.” मला राग आला. आमच्या देवाचे नाव मी चुकेन? पण खालची तीन घरे इतर शब्दांनी भरत आणली, तेव्हा का, का, र अशीच ती उभी राहिली. उत्तर टीकाकारच होते.

इथे मराठी शब्दकोड्याच्या रचनेबद्दल थोडे सांगायला हवे, कारण सगळा घोळ तिच्यात आहे. इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो आणि वर्ण सव्वीसच. आपल्याकडे एका घरात एक अक्षर बसते, आणि ते आपल्या काना-मात्रा-वेलांटीसकट आणि जोडाक्षर असेल तर सगळ्या जोडणीसकट. क पासून ज्ञ पर्यंत छत्तीस अक्षरे धरून त्यांची नुसती बाराखडी मांडली तरी ४३२ होतात. स्वर वेगळे आणि जोडाक्षरांची तर गणतीच नको. म्हणून मराठी कोडे रचणाऱ्याला शब्द एकमेकांत गुंतवणे जड जाते, आणि आपल्या चौकटीत काळी घरे जास्त दिसतात. त्याचे आळशीपण म्हणून कोणी नाके मुरडू नयेत. ‘गुरू’ शब्दाच्या शेवटच्या घरातून त्याला ‘रुमाल’ खाली सोडता येत नाही, कारण एक रू दीर्घ आणि दुसरा ऱ्हस्व. त्याने ‘गुरुवार’ घेतला की मात्र रुमाल बरोबर बसतो. शब्दाच्या शेवटी आलेला इकार-उकार दीर्घ लिहावा आणि समासाच्या पूर्वपदातला मुळाप्रमाणे ऱ्हस्व ठेवावा, हा साहित्य महामंडळाच्या नियमांतला भाग वर्गात फळ्यावर लिहून जितका पटत नाही, तितका या दोन घरांत पटतो. लहानपणी आपण सगळे ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटे वाचून टाळ्या पिटायचो. कोड्यात ते टिकत नाही : एका टोकाला ऱ्हस्व चि, दुसऱ्या टोकाला दीर्घ ची. ‘नवजीवन’ मात्र दोन्हीकडून सारखाच.

मुलांना अक्षरे तोडायला सांगितली की आणखी एक गंमत दिसते. ‘नार्वे’ या शब्दाची घरे किती? दोन. पण पहिल्या घरात काय लिहायचे, यावर वर्गात दरवेळी दोन तट पडतात. कान म्हणतो नार् आणि वे. लेखणी म्हणते ना आणि र्वे, कारण रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. सप्त म्हणताना कानाला सप्-त ऐकू येते, कोड्यात मात्र स-प्त भरावे लागते. कानाचे तोडणे आणि लेखणीचे तोडणे यांतला हा फरक एकदा कळला, की जोडाक्षराआधीचे ऱ्हस्व अक्षर वृत्तात गुरू का मोजतात, हे वेगळे शिकवावे लागत नाही. प् चा भार मागच्या स वर पडतो, एवढेच.

एका घरात एक अक्षर ही वहिवाट वर्तमानपत्रांनी आणलेली नाही. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात आणि माघाच्या ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गात ‘सर्वतोभद्र’ नावाचा बंध येतो. आठ आडवी, आठ उभी अशा घरांत श्लोकाची अक्षरे मांडली, की तो उजवीकडून, डावीकडून, वरून, खालून सारखाच वाचता येतो. आपल्या मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण अजिबात न वापरता ‘निरोष्ठ रामायण’ रचले. म्हणजे प, फ, ब, भ, म नाहीत. राम म्हणायचे नाही आणि रामकथा सांगायची! हे सारे विद्वानांचे खेळ. आजच्या अर्थाने शब्दकोडे मात्र अमेरिकेतले. लिव्हरपूलच्या आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये चौकट छापली ती चौकोनी नव्हतीच, हिऱ्याच्या आकाराची होती, आणि तिचे नाव होते ‘वर्ड-क्रॉस’. काही आठवड्यांनी जुळणीत शब्द उलटसुलट झाले आणि ‘क्रॉस-वर्ड’ झाले. छापखान्यातली चूक जगभर रूढ झाली, याचे मला मास्तर म्हणून नेहमी थोडे वाईट वाटे. आता वाटत नाही.

शिक्षकांना आवडेल अशी एक हकीकत दुसऱ्या महायुद्धातली आहे. १९४४ च्या मे महिन्यात आणि जूनच्या आरंभी, नॉर्मंडीवरच्या स्वारीच्या तोंडावर, लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’च्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, नेपच्यून अशी उत्तरे एकामागून एक आली. ती त्या मोहिमेतली गुप्त नावे होती. कोडी रचणारे लिओनार्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक. गुप्तहेर खात्याने त्यांची कसून चौकशी केली, निघाले काहीच नाही. चाळीस वर्षांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले, की सर रिकाम्या चौकटी मुलांकडून भरून घेत, आणि जवळच्या सैनिकी तळावर कानावर पडलेले शब्द त्यानेच घातले होते. खरेखोटे त्या दोघांना ठाऊक. विद्यार्थी काय कुठून ऐकून येतो, याचा गुरुजींना पत्ता नसतो, एवढे मात्र मी पुराव्यानिशी सांगू शकतो. ते पुढे येईल.

रोजच्या कोड्यातून मिळणारी शब्दसंपत्ती थोडी विचित्र असते, हे कबूल करावे. रव, पिक, अज, नग हे शब्द आपण बोलण्यात वापरत नाही, पण कोडे सोडवणाऱ्याला ते घरच्या माणसांसारखे. दोन घरे उरली, ‘पर्वत’ म्हटले की नग. ‘दागिना’ म्हटले तरी नग. आणि शेजारच्या वाड्यावरचा एखादा विक्षिप्त माणूसही नगच. हे शब्द आले अमरसिंहाच्या कोशाच्या परंपरेतून. कोडे पुण्या-मुंबईत रचले जाते, म्हणून त्यात पेठा येतात, घाट येतात, नाट्यपदे येतात. खाजन, मानस, कुळागर येत नाहीत. तक्रार म्हणून सांगत नाही. रचणाऱ्याला जे ठाऊक तेच तो घालणार. म्हणून मी आमच्या मुलांसाठी अधूनमधून स्वतःच कोडी रचतो. त्यांतली काही शोधसूत्रे अशी : ‘रानात झाड, इतिहासात राजवंश, गोव्याच्या रस्त्यावर बस’, तीन अक्षरे. कदंब. ‘नदी, किल्ला आणि गाव, तिघांचे एकच नाव’, चार. तेरेखोल. ‘पोर्तुगिजांकडून घेतलेला शब्द, महिनाअखेरीस आठवतो’, तीन. पगार.

‘व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलेला गोमंतकीय आवाज’ हे शोधसूत्र घातले, तेव्हा वर्गात भांडण झाले. उत्तर केसरबाई, घरे पाच, शेवटच्या घरात एकटा ई. १९७७ साली सोडलेल्या त्या यानांतल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. भांडण आवाजावरून नव्हते, केरीवरून होते. पेडण्याकडे आजोळ असलेला मुलगा म्हणाला, ती आमची केरी, समुद्राकाठची. सत्तरीचा म्हणाला, आमची, अंजुणे धरणाजवळची. गोव्यात केऱ्या तीन आहेत आणि केसरबाई तिसरीच्या, फोंड्याच्या. दोघेही हिरमुसले. पण तालुक्यांचा नकाशा त्या दिवशी पक्का झाला.

आता पुन्हा चौथ्या घराकडे.

दुसऱ्या दिवशी उत्तरे छापून आली : सप्तकोटीश्वर. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर मी देवळात गेलो. मुद्दाम वर मान करून प्रवेशद्वारावरचा शिलालेख वाचला. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. शिवाजी महाराजांनी देवालयाचे काम आरंभले, त्याची ही नोंद. आरंभीच देवाचे नाव आहे आणि त्यात टी आहे : सप्तकोटीश. त्या दाराखालून मी साठ वर्षे जा-ये करतो. २०२३ च्या फेब्रुवारीत देवळाचे नूतनीकरण पुरे झाले, तेव्हा पाहुण्यांना हाच लेख मी बोट दाखवून समजावला होता. तारीख वाचली, राजाचे नाव वाचले. देवाचे नाव वाचले नव्हते, कारण ते मला येत होते.

व्याकरण सरळ आहे. सप्तकोटि अधिक ईश्वर, सवर्णदीर्घ संधी, सप्तकोटीश्वर. सात ऋषींनी सात कोटी वर्षे तप केले ही आख्यायिकाही त्याच अंगाची. कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे या देवाचा वरप्रसाद लाभल्याचे बिरुद असते, तिथेही कोटीश्वरच. मग टे कुठून आला? मला वाटते, तो मराठीतून आला. संस्कृत शब्दाच्या शेवटचा इकार आपण गाळतो : रात्रीची रात होते, जातीची जात होते, तशी कोटीची कोट. कोट अधिक ईश्वर, गुणसंधी, कोटेश्वर. म्हणजे टे ही चूक म्हणता येणार नाही. दिवाडी बेटावरच्या मूळ देवळावर बहामनींचा घाला पडला, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पाडले, आणि लिंग नदीच्या या काठाला आले. तिकडच्या गावाचे नाव नार्वे. देव इकडे आला आणि इकडचेही नार्वे. या येण्याजाण्यात ज्यांनी देव सांभाळला ते संधीचे नियम घोकणारे नव्हते. त्यांच्या तोंडी बसले ते नाव आज शासकीय फलकावर आणि आमच्या घरच्या लग्नपत्रिकांवर आहे. पण मग शिलालेखातला टी चूक कसा?

हा प्रश्न मला झोंबला, त्याला कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाने ‘माझे गाव’ या निबंधात सप्तकोटीश्वर लिहिले होते. मी तांबड्या शाईने टी खोडून टे केला आणि अर्धा गुण कापला. वर त्याला उभे करून म्हटले, गावात राहून देवाचे नाव येत नाही? तो काही बोलला नव्हता.

तो आता नार्वे-दिवाडी फेरीबोटीवर कामाला आहे. पुढच्या आठवड्यात पलीकडे जायचे होते, तेव्हा मी त्याला गाठले आणि सांगितले, की तुझा शब्द बरोबर होता. वाटले, त्याला आठवणार नाही. तो दोर गुंडाळत म्हणाला, “ठाऊक आहे सर. भटजींच्या संकल्पात तसंच येतं. मी तिथूनच ऐकलेलं.” मी विचारले, “मग तेव्हा का नाही बोललास?” तो म्हणाला, “तुम्ही शाईने खोडलं होतं.”

यंदाच्या मराठी राजभाषा दिनाला मुलांसाठी रचलेल्या कोड्यात मी ते नाव घातले आहे. आडवे, सहा घरे. चौथ्या घरातून उभा शब्द जाऊ दिलेला नाही. त्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे काळी घरे ठेवली आहेत. उत्तरपत्रिकेत टी आणि टे दोन्ही लिहिले, पेन्सिलीने.