ट्रॉलीचे चाक डुलते का?

सभासद बंधूंनो, भरल्या ट्रॉलीचे चाक निखळले तर ऊस रस्त्यावर अन् जीव धोक्यात. म्हणून डुलणारे चाक गळीत हंगामाआधीच तपासा.

आधी नट ढिले नाहीत ना, ते पाहा. मग रिकाम्या ट्रॉलीच्या बाकीच्या चाकांना दगड लावून जॅक द्या, खाली ठोकळा ठेवा. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडले तर दोष बेअरिंगचा. घट्ट असेल तर रिमजवळ खिळा स्थिर ठेवून चाक फिरवा. अंतर कमी-जास्त झाले तर रिम वाकडी. रिम सरळ फिरून टायरच डुलला तर दोष टायरचा.

थोडी वाकलेली रिम टायर उतरवून प्रेसवर सरळ करून घ्या. घणाने ठोकू नका. तडा असेल किंवा नटाची भोके लांबट झाली असतील, तर वेल्डिंगच्या भरीस न पडता रिम बदला. समोरासमोरचे नट आवळा, पहिल्या खेपेनंतर पुन्हा पाहा.