विश्लेषण : वेबपानाची आवराआवर करणारे ‘टायडी’ काय आहे?

वर्डमधला मजकूर उचलून संकेतस्थळावर चिकटवला, तर पान दिसायला ठाकठीक दिसते. कोड उघडला की मात्र चार ओळींच्या मजकुराभोवती नको असलेल्या टॅगचे जाळे सापडते. ते साफ करणारे ‘एचटीएमएल टायडी’ हे मोफत साधन दोन दशकांहून अधिक काळ वापरात आहे.

गुंता होतो कसा?

एचटीएमएलमध्ये उघडलेला टॅग सहसा बंद करावा लागतो. शेवटी उघडलेला आधी. ते राहून गेले तरी ब्राउझर कुरकुरत नाही, अंदाज बांधून पान दाखवतो. त्यामुळे चूक कुणाच्या लक्षातच येत नाही.

टायडी काय करते?

डेव्ह रॅगेट यांनी १९९० च्या दशकात ते लिहिले. त्याला बटणे नाहीत. कमांड लाइनवर ‘टायडी’ आणि फाइलचे नाव लिहिले, की कोणत्या ओळीत काय चुकले ते सांगून दुरुस्त कोड समोर येतो. ‘-आय’ जोडल्यास टॅग एकात एक कसे बसले आहेत, ते समासावरून कळते. दुरुस्ती जमणारच नसेल, तर ते कोड न देता केवळ चुका दाखवते.

मग विकिपीडियाने ते का सोडले?

लेखकांनी अर्धवट सोडलेले टॅग विकिपीडियावर अनेक वर्षे टायडीच बंद करत होते. पण त्याचे अंदाज जुन्या एचटीएमएलचे. नव्या एचटीएमएल-५ ने चुकीच्या कोडचा अर्थ कसा लावायचा, याचेही नियम घालून दिले आणि ते वेगळे निघाले. टायडी काढताच लहान अक्षरांचा एखादा बंद न केलेला टॅग खालचा सगळा मजकूर बारीक करू शकत होता. म्हणून अशा पानांच्या याद्या करून स्वयंसेवकांनी ती हाताने दुरुस्त केली. २०१८ मध्ये मराठीसह सर्व विकिपीडियांवर ‘रेमेक्स’ आले. चुका झाकल्या गेल्याने हे काम इतके साचले, हे उघडच आहे.

मराठी पानांसाठी काय जपावे?

२०१५ पासूनची टायडी-५ ही आवृत्ती एचटीएमएल-५ जाणते आणि मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे असेच धरते. जुन्या आवृत्त्या तसे धरत नाहीत; त्यांना ‘-यूटीएफ८’ सांगितले नाही, तर देवनागरीचा चिखल होतो. मॅकच्या अनेक आवृत्त्यांत २००६ सालचे टायडी आहे, तेव्हा आधी ‘-व्ही’ लिहून आवृत्ती पाहावी. ‘-एम’ हा पर्याय मूळ फाइलच बदलतो आणि जुनी प्रत ठेवत नाही. तो वापरण्यापूर्वी फाइलची नक्कल काढून ठेवलेली बरी.